चमकी कागद आणि आजोबांचा कोट

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात, माजघराच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. अंगात काळा कोट, गळ्यात लाल टाय, मागे निळंशार आकाश आणि डोक्यावर गांधी टोपी. हो, कोट-टायवर गांधी टोपी! आजोबांनी जन्मात कधी कोट घातला नाही. धोतर, सदरा, टोपी आणि थंडीत घोंगडी, संपला वॉर्डरोब. मग हा कोट आला कुठून?

तर झालं असं, की २०११ साली आजोबा गेले. तेराव्याला फोटो हवा होता आणि घरभर शोधल्यावर त्यांचा एकट्याचा असा एकच फोटो निघाला, मतदार ओळखपत्रावरचा. अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. एका स्टुडिओवाल्याने तो स्कॅन केला, ताणून मोठा केला, चेहरा चार शेड गोरा केला आणि मानेखालचं काही दिसत नव्हतं म्हणून त्याच्याकडचा तयार कोट चिकटवला. त्याला तरी काय दोष देणार? त्याच्या हातात दिलं काय होतं, तर प्लॅस्टिकचं एक कार्ड आणि "उद्या सकाळपर्यंत पायजे".

आजी अजूनही कधीतरी त्या फोटोसमोर थांबते आणि म्हणते, "ह्यो सायब कोन म्हनावा?" घरातले सगळे हसतात. मीही हसायचो. आता तेवढं हसू येत नाही, कारण ज्या माणसासोबत तिने पन्नासेक वर्षं संसार केला त्याचा चेहरा तिला त्या फोटोत सापडत नाही, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं.

आजचा विषय घरी फोटो छापणे, आणि त्यातही मेटॅलिक कागदावर छापणे, हा आहे. वाचून कुणाला वाटेल की याला विकांताला दुसरा उद्योग नाही. खरंय, नाही. पण माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या माणसांचे फोटो ती माणसं समोर बसलेली असताना, त्यांना विचारून, कागदावर छापा. शक्य असेल तर घरी छापा. आणि आपल्या गावाकडच्या घरांसाठी चमकणारा कागद निवडायला लाजू नका. पहिल्या दोन मुद्द्यांवर बहुतेक जण मान डोलावतील. तिसऱ्यावर भांडण होतं. माझंही माझ्याशीच झालं होतं.

आधी हा मेटॅलिक कागद म्हणजे काय ते सांगतो. नाव ऐकून वाटतं की कागदात ॲल्युमिनियमचा वर्ख वगैरे असेल. जालन्याच्या माणसाला तर हमखास वाटणार, कारण आमच्या एमआयडीसीत दिवसरात्र सळया निघतात आणि धातू म्हटलं की आमचे कान टवकारतात. पण या कागदात सहसा धातूचा पत्रा वगैरे काही नसतो. असते ती मोत्यासारखी चमक देणारी पूड. अशी पूड बहुधा अभ्रकाच्या अतिशय पातळ चकत्यांपासून करतात, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला असतो. गाड्यांच्या मेटॅलिक रंगात, नेलपॉलिशमध्ये, आयशॅडोमध्ये ज्या जातीची चमक असते, त्याच जातीची ही. फोटोचा जो भाग पांढरा किंवा उजळ असतो तिथे शाई कमी पडते, खालचा कागद दिसतो आणि तो भाग रुपेरी चमकतो. काळ्या भागात शाई दाट, त्यामुळे तिथे चमक झाकली जाते. एवढंच गणित. लॅबमध्ये वापरतात तो कोडॅकचा एन्ड्युरा मेटॅलिक हा कागद वेगळा, त्यावर रसायनांनी फोटो उमटतो. घरच्या इंकजेटसाठी वेगळे मेटॅलिक कागद मिळतात, 'पर्ल मेटॅलिक' अशा नावाने. पर्ल म्हणजे मोती, आणि आमच्या जालन्यात मोती तलाव आहेच. म्हणजे योग होताच म्हणायचा.

गंमत अशी, की फोटोग्राफीची सुरुवातच खऱ्या धातूवर झाली. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरने जी पद्धत जाहीर केली, तीत तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन, त्याला आरशासारखं घासूनपुसून त्यावर चित्र उमटवत. ते चित्र हातात धरून थोडं तिरकं केल्याशिवाय नीट दिसत नसे. एका कोनातून माणूस दिसतो, दुसऱ्या कोनातून निगेटिव्ह, तिसऱ्यातून बघणाऱ्याचं स्वतःचं तोंड. पुढे कागद आला, पण कृष्णधवल फोटोतली काळी बाजू म्हणजे चांदीचे सूक्ष्म कणच. तुमच्या घरी आजी-आजोबांच्या लग्नाचा जुना फोटो असेल तर तो खिडकीपाशी नेऊन तिरका धरून बघा. कडेच्या काळ्या भागावर निळसर-रुपेरी चकाकी दिसण्याची बरीच शक्यता आहे. ओलाव्याने आणि हवेतल्या वायूंनी आतली चांदी झिजून पृष्ठभागावर येते आणि पुन्हा धातूसारखी चमकायला लागते. खरं तर हा बिघाड आहे, फोटो जुना होत चालल्याची खूण. म्हणजे जुन्या फोटोत चांदी आहे आणि ती नको असताना चमकते. आमच्या मेटॅलिक कागदात चांदी नाही आणि त्या चमकेसाठी मी पैसे मोजतो. असो.

आता प्रश्न असा, की आजोबांचा एकच फोटो का होता? गरिबी हे सोपं उत्तर. ते बरोबरच आहे, पण पुरेसं नाही.

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला, त्याआधी औरंगाबाद जिल्ह्यात. त्या संस्थानात फोटोग्राफीची कमतरता नव्हती. राजा दीनदयाळ यांच्यासारखा मोठा फोटोग्राफर सहाव्या निजामाच्या दरबारी होता. त्यांनी निजामाच्या मुलखातल्या वास्तूंचे, राजेरजवाड्यांचे, शिकारींचे अप्रतिम फोटो काढले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा साठा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेला आहे. म्हणजे आमच्या खापरपणजोबांच्या काळात वेरूळच्या लेण्यांचा फोटो निघत होता, नवाबाच्या घोड्याचाही निघत होता, फक्त आमच्यासारख्या घरातल्या माणसाचा निघत नव्हता.

मग शहरात स्टुडिओ आले, पण आमच्याकडे फोटो म्हणजे लग्नातला, तोही वऱ्हाडाचा. त्या घोळक्यात आजोबा कुठेतरी मागे, अर्धा चेहरा पाहुण्याच्या फेट्याआड. एकट्याचा, समोरून, नीट उजेडातला फोटो काढायला आमच्या आजोबांना पहिल्यांदा कुणी बसवलं असेल तर ते निवडणूक आयोगाने. फोटो असलेलं मतदार ओळखपत्र देण्याचा आदेश १९९३ सालचा, शेषन साहेबांच्या काळातला. त्यानंतर आधार आलं. देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० च्या सप्टेंबरमध्ये दिलं गेलं. म्हणजे बघा, आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे एकट्याचे फोटो सरकारने काढले, ओळख पटवायला. घरच्यांनी काढलेच नाहीत. आणि माणूस गेल्यावर तोच सरकारी फोटो मोठा करून आपण त्याला हार घालतो.

"पण आता तसं कुठे राहिलंय? आता तर फोनमध्ये हजारो फोटो आहेत." हे मला ऑफिसातला मित्र म्हणाला. बरोबर आहे. माझ्याही फोनमध्ये चौदा हजार आहेत, त्यात पार्किंगच्या खांबांचे, बिलांचे आणि व्हाइटबोर्डांचेच निम्मे असतील. आजीचे शोधले तर एकोणतीस निघाले. त्यातले बावीस सणावाराचे, घोळक्यातले. तीन हललेले. दोन तिने हाताने तोंड झाकलेले. उरले दोन. आता हिशोब करा की तेराव्याला नेमका कुठला फोटो शोधणार? शेवटी पुन्हा आधार कार्डच हुडकणार.

आणि एक गोष्ट आपण संगणकवाले सोडून कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन पोचतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास. ए-फोर कागदावर, इंचाला ३०० या हिशोबाने नीट छपाई हवी तर ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात. १६०० वाला तिथे ताणला तर इंचाला जेमतेम १३७ पडतात. भिंतीवर दुरून चालेल, हातात घेतला की सुरकुत्यांच्या जागी मेण. मूळ १२ मेगापिक्सेलचा फोटो मात्र ४००० बाय ३००० असतो, तो ए-फोरवर आरामात बसतो. म्हणून मूळ फाइल जपा. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २०२३ पासून एचडीचा पर्यायही आलाय, पण दाबतो कोण?

आता माझ्या प्रिंटरपुराणाकडे येतो. लॉकडाऊनमध्ये जालन्याच्या घरून काम करत होतो तेव्हा एक सहा रंगांचा, शाईच्या टाकीवाला फोटो प्रिंटर घेतला. पुण्याला परत गेलो, पण प्रिंटर जालन्यातच राहिला, कारण पुण्याच्या खोलीत टेबलापेक्षा मोठी वस्तू ठेवायची तर एका रूममेटला बाहेर काढावं लागेल. अशा प्रिंटरची अडचण ही, की तो रिकामा बसला की शाई तोंडाशी वाळते. त्यात आमचा उन्हाळा, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. पहिल्या उन्हाळ्यात निळा रंग बंदच पडला. सगळे फोटो असे यायला लागले की जणू गावात हळदीचा कार्यक्रम चाललाय. उपाय बाबांनी काढला. त्यांनी आख्ख्या गल्लीचे सातबारे, पीक विम्याच्या पावत्या आणि पोरांचे हॉलतिकिटं छापायला सुरुवात केली. सहा रंगांचा फोटो प्रिंटर आणि त्यावर सातबारा! पण तेव्हापासून शाई एकदाही वाळलेली नाही. बाबांना गल्लीत मान मिळाला तो वेगळाच.

मेटॅलिक कागद काही स्वस्त नाही. मी आणलेल्या पाकिटात एक ए-फोर शंभराच्या आसपास पडला, शाई वेगळी. लॅबमध्ये साधा सहा-बाय-चारचा फोटो दहा-पंधरा रुपयांत होतो. तेव्हा पैसे वाचवायला कुणी या भानगडीत पडू नये. पण शंभराचा कागद घालताना हात थांबतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. चौदा हजारांतला कुठला? हा प्रश्न फोन कधीच विचारत नाही. कागद विचारतो.

पहिले पाच कागद वाया गेले. त्यातून जे शिकलो ते सांगून टाकतो, तुमचे तरी वाचतील. एक, कागदाची कुठली बाजू वर ते आधी बघा. उलट्या बाजूवर छापलं तर शाई वाळतच नाही, सगळ्या घरभर बोटांचे ठसे. दोन, कागदवाले त्यांच्या साइटवर प्रत्येक प्रिंटरसाठी रंगाची प्रोफाइल देतात, ती वापरा आणि प्रिंटरची स्वतःची रंगसुधारणा बंद ठेवा. दोन्ही चालू ठेवलं तर दोन सासवांमध्ये सापडलेल्या सुनेसारखी रंगाची अवस्था होते. तीन, स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. त्यामुळे स्क्रीनवर छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. मेटॅलिकवर तर सावल्या लवकर बुडतात. थोडा उजळ करून आधी सहा-बाय-चारवर बघा, मग मोठा छापा. चार, छापल्यावर एक दिवस उघडा वाळू द्या आणि फ्रेममध्ये काचेला चिकटणार नाही अशी मध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला. पाच, लॅमिनेशन करू नका. चमकेसाठी पैसे मोजायचे आणि वर प्लॅस्टिक चढवायचं, याला काय म्हणावं?

कुठला फोटो या कागदावर शोभतो? माझ्या अनुभवात पाणी, काच, धातू, रात्रीचे दिवे. घाणेवाडीच्या तलावावरचा संध्याकाळचा फोटो छापला तर पाणी हललं की काय असं वाटलं. एका मित्राच्या ओळखीने रोलिंग मिलमध्ये काढलेला तापलेल्या सळईचा फोटो तर असा आला की बाबा म्हणाले, लांब धर, भाजेल. न शोभणारेही आहेत. २०१३ च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग वाळली, तेव्हा बाबांनी साध्या फोनवर काढलेला एक फोटो आहे. नुसती खोडं आणि भेगाळलेली जमीन. तो मी मेटॅलिकवर छापला आणि लगेच फाडला. वाळलेल्या बागेला चमक आली होती. ते बघवत नव्हतं. तो नंतर मॅट कागदावर, लहानसा छापला. त्याला तेच बरं.

आणि माणसं? इथेच माझं भांडण होतं.

जालावर फोटोग्राफीबद्दल जे काही वाचलं (जालन्याचा माणूस जालावर, हा विनोद मीच पुष्कळदा करून झालाय) त्याचा सारांश असा, की सुसंस्कृत माणसाने मॅट कागद वापरावा. कापसाचा, जाड, अजिबात न चमकणारा. मेटॅलिक म्हणजे लग्नाच्या अल्बमचा भपका. मीही तेच मत घेऊन फिरत होतो. आजीचा फोटो काढायचं ठरवलं तेव्हा तो मॅटवरच छापायचा हे मनात पक्कं होतं. चमकी म्हणजे देवळाबाहेर मिळणारे सोनेरी कागदाचे देवाचे फोटो, राजूरच्या गणपतीला गेल्यावर घेतो तसले. आजी आणि चमकी? छे.

फोटो काढायचा दिवस. ओसरीवर, दाराच्या उजेडात खुर्ची टाकली. आजी बसली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "मी गेल्यावर लावायला काढायलास का रं?"

काय उत्तर देणार? मी "नाही गं, असंच, आठवण" असं काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "आसूं दे की. मंग नीट काढ. तुह्या आज्यासारखा सायब नको करू मपला." आणि उठून आत गेली. पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून आली, चष्मा काढून ठेवला, पुन्हा घातला, पदर डोक्यावर घेतला आणि हात मांडीवर असे ठेवले की चांदीचं कडं दिसावं. आधार केंद्रावर तिला कुणी हे करू दिलं नव्हतं. तिला कसं दिसायचंय हे ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं, तिनेच ठरवलं.

बाबा मात्र चिडले. "मायचा फोटो आत्तापासून भिंतीवर? जित्या माणसाचा?" त्यांचा राग मला कळतो. आमच्याकडे भिंतीवरची एकेरी फ्रेम म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आजोबांच्या वेळी आपण न बोलण्याचा मान राखला आणि त्याची किंमत म्हणून कोट आला. मी एवढंच म्हणालो, की भिंतीवर लावायचा की नाही ते आजीला ठरवू द्या.

जालन्याला येऊन तोच फोटो मी तीन कागदांवर छापला. मॅट, साधा ग्लॉसी आणि उरलेला एक मेटॅलिक, म्हटलं तुलना तरी होईल. जालन्याच्या माझ्या खोलीत, टेबललॅम्पखाली, मॅट सरळसरळ जिंकला. मऊ, शांत, एकदम प्रदर्शनातला. पुढच्या विकांताला तिन्ही घेऊन गावी गेलो आणि माजघरात भिंतीला टेकवून ठेवले.

तिथे मॅट मेला. दुसरा शब्दच नाही. आमचं घर जुनं माळवदाचं. जाड भिंती, एक दार, वरून एक झरोका आणि संध्याकाळी एक बल्ब. मॅट कागद आलेला उजेड चारी दिशांना पसरून देतो. जिथे उजेडच मूठभर, तिथे पसरून डोळ्यापर्यंत येणार किती? आजी राखेच्या ढिगासारखी दिसत होती. ग्लॉसीवर दाराचं पांढरं प्रतिबिंब, चेहरा गायब. आणि मेटॅलिकवर दारातून तिरका येणारा तेवढाच उजेड पकडून तिचे केस, कडं आणि लुगड्याचा काठ उजळले होते. चेहऱ्याचा सावळा रंग काशाच्या भांड्यासारखा दाट उतरला होता. मी तो गोरा केला नव्हता आणि कागदानेही केला नाही. लॅबकडे न जाण्याचं माझं एक कारण हेच. आपोआप सुधारणा नावाखाली आपल्या माणसांचा रंग धुऊन काढायची सवय पुष्कळ ठिकाणी अजून गेलेली नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला (दाराचाच). देवाचे ते सोनेरी फोटो का असतात? १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसची चित्रं घराघरांत पोचली, तेव्हा अनेक घरांतून त्यांवर जर, टिकल्या, मणी लावून सजवलं जाई. आपण त्याला हौस म्हणतो, कधी नाक मुरडून भपका म्हणतो. पण देवघराच्या कोनाड्यात, समईच्या उजेडात, टिकली नसती तर देवीचं दर्शन झालं असतं का? मॅट कागद ज्या अभिरुचीतून येतो तिच्याकडे मोठ्या खिडक्या आणि छतातून नेमका प्रकाश टाकणारे दिवे असतात. अभिरुचीच्या गप्पा मारताना मी माझ्या खोलीतला लॅम्प विसरलो होतो. कागद निवडायचा तर फोटो जिथे राहणार त्या खोलीत, त्या वेळेच्या उजेडात बघून निवडायचा, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

मेटॅलिकचे दोषही सांगायला हवेत. चेहऱ्यावर घाम किंवा तेलकटपणा असेल तर तो पत्र्यासारखा दिसतो, म्हणून उजेड बाजूने आणि मऊ हवा. गोऱ्यापान बाळांचे फोटो मला त्यावर थोडे भुतासारखे वाटतात. आणि माझ्या प्रिंटरची शाई डाय जातीची आहे, थेट उन्हात ठेवली तर उडणार. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो कसे तांबूस झालेत ते आपण बघतोच. तेव्हा सावलीत, काचेआड ठेवा आणि मूळ फाइल दोन-तीन ठिकाणी जपा. कागद म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी धंद्याने सांगतो. पण फाइल म्हणजे फोटो नव्हे, हेही आता सांगतो. माझा फोन माझ्या अंगठ्याने उघडतो. उद्या मलाच काही झालं तर त्यातले आजीचे ते दोन फोटो घरात कुणाला काढता येणार आहेत?

भिंतीचं काय झालं, तर आजीने फोटो भिंतीवर लावू दिला नाही. बाबा जिंकले म्हणा. पण बाबांना काही बोलायची वेळच आली नाही. तिने तो ठेवणीतल्या लुगड्यांच्या घडीत, पेटीत ठेवलाय. वर्तमानपत्रात गुंडाळला होता, मी पुढच्या खेपेला कोरा चांगला कागद नेऊन दिला, कारण वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल फोटोला खातं. कुणी बाई-माणूस भेटायला आलं की फोटो बाहेर निघतो. दारात बसून, दोन्ही हातांनी धरून, उजेडाकडे थोडा इकडे, थोडा तिकडे तिरका करून दाखवते. कडं चमकलं की थांबते. काच नाही, फ्रेम नाही, माझे सगळे नियम पायदळी. कडेला बोटांचे ठसे उमटलेत.

त्यामुळे मी आणखी एक प्रत छापून जालन्याच्या घरी वेगळी ठेवली आहे. बाबांना सांगितलेलं नाही, पण प्रिंटर तेच चालवतात आणि मेटॅलिकच्या पाकिटातला एक कागद कमी झालाय हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नसणार. मागच्या रविवारी मी निघताना ते सहज म्हणाले, "ते चमकीचं पाकीट आनखी एक मागवून ठेव. तुझ्या आईचा आन मपला पन काढून ठेवू एकदा. कोट नको."